मद्यपरीक्षा

मद्यपरीक्षा : आंबवण्यास ठेवलेले मद्य पक्व झाले किंवा नाही, म्हणजेच ते गाळून बाटलीत भरण्यास, पिण्यास अथवा ऊर्ध्वपातनासाठी भट्टीवर चढविण्यास योग्य झाले किंवा नाही, हे ठरविण्याच्या रीती. या रीतींचा इतिहास मद्यनिर्मितीइतकाच जुना आहे. त्यात स्थूलमानाने तीन अवस्था दिसतात : कान, नाक व जीभ यांवर विसंबणारी घरगुती पारख, अठराव्या–एकोणिसाव्या शतकांत रूढ झालेली उपकरणांवर आधारलेली मोजणी, आणि करवसुलीसाठी शासनाने ठरवून दिलेली प्रमाणे. या तीन अवस्था एकामागून एक आल्या असे मात्र नाही. विदर्भातील मोहाचे मद्य, आयुर्वेदातील आसवारिष्टे, गोव्यातील फेणी आणि आधुनिक बिअर यांच्या निर्मितीत त्या आजही शेजारी शेजारी नांदताना आढळतात.

किण्वनाचे स्वरूप : शर्करायुक्त द्रवात यीस्ट या सूक्ष्म कवकाची वाढ झाली की शर्करेपासून एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात [⟶ किण्वन]. झोझेफ ल्वी गे-ल्युसॅक यांनी १८१५ मध्ये या विक्रियेचा हिशेब मांडला. त्यानुसार १८० ग्रॅ. ग्लुकोजपासून ९२ ग्रॅ. अल्कोहॉल व ८८ ग्रॅ. वायू मिळतो. प्रत्यक्षात थोडी शर्करा यीस्टच्या वाढीसाठी व ग्लिसरॉलसारख्या इतर पदार्थांसाठी खर्च होत असल्याने अल्कोहॉल किंचित कमी मिळते. परीक्षेच्या बहुतेक सर्व रीतींचे मूळ या साध्या हिशेबात आहे. वायू निघत असतो तोवर आवाज व फेस असतो. शर्करा संपत जाते तशी गोडी ओसरते, आणि पाण्याहून जड असलेली साखर जाऊन पाण्याहून हलके अल्कोहॉल आल्यामुळे द्रवाची घनता उतरते. शर्करा संपली की यीस्ट तळाशी बसते व द्रव नितळ होतो. यानंतर हवेशी संपर्क राहिला, तर ॲसिटोबॅक्टर वंशाचे जंतू अल्कोहॉलपासून ॲसिटिक अम्ल तयार करतात व मद्याचा शिरका होतो. त्यामुळे परीक्षकाला घाई व उशीर या दोन्ही चुका टाळाव्या लागतात. घाई केल्यास बाटलीत किण्वन चालू राहून ती फुटते किंवा भट्टीवर उतारा कमी पडतो. उशीर झाल्यास सगळा माल आंबट होतो.

प्राचीन भारतीय परंपरा : कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष या अधिकाऱ्याच्या कर्तव्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधू असे मद्याचे सहा प्रकार सांगून त्यांतील काहींची प्रमाणे दिली आहेत. उदा., मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व घ्यावे असे म्हटले आहे. किण्व म्हणजे विरजण. ते माष (उडीद) व तांदूळ यांपासून करीत. सुरा व किण्व यांसाठी लागणाऱ्या द्रव्यांची निवड स्त्रियांनी व मुलांनी करावी, असा निर्देश तेथे आढळतो. ही पारख घरातल्या माणसांच्या हाती होती, हे त्यावरून दिसते. मद्यावर राजाचा एकाधिकार असला, तरी गृहस्थांना धार्मिक व कौटुंबिक प्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट तयार करण्याची मुभा होती. उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सवलत देत असत. राजपण्याबाहेरील मद्यावर शेकडा पाच शुल्क होते. घरगुती मद्य व शासन यांच्या संबंधांचा हा भारतातील सर्वांत जुना तपशीलवार लेख होय.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवांची गणना आहे. फुलांपासून होणाऱ्या आसवांत कमळाच्या विविध जातींबरोबर मधूक म्हणजे मोह व धातकी म्हणजे धायटी यांची फुले सांगितली आहेत. ग्रहणीच्या चिकित्सेत मोहाच्या फुलांचे मधूकासव येते. शार्ङ्गधरसंहितेत, जेथे प्रमाण सांगितलेले नसेल तेथे एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध व दशमांश प्रक्षेपद्रव्ये घ्यावीत, असा सामान्य नियम दिला आहे. हे मिश्रण तुपाने माखलेल्या मृत्पात्रात भरून, तोंड बंद करून धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरून ठेवीत. धान्याच्या राशीत उष्णतामान फारसे बदलत नाही, हे त्यामागील व्यावहारिक कारण होय. धायटीची फुले बहुतेक सर्व आसवारिष्टांत येतात. त्यांच्यावर व त्यांतील मधात नैसर्गिक यीस्ट असते.

आसवारिष्टे सिद्ध झाल्याची जी लक्षणे वैद्यपरंपरेत शिकवितात, ती या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पात्राला कान लावला असता आतील सणसण किंवा बुडबुड्यांचा आवाज थांबलेला असावा. वर तरंगणारी प्रक्षेपद्रव्ये तळाशी बसलेली असावीत. पात्राच्या तोंडाशी जळती काडी धरली असता ती विझू नये. किण्वन चालू असताना पात्रात कार्बन डाय-ऑक्साइड साठलेला असल्याने काडी तत्काळ विझते. याच कारणाने पात्रातील वायू चुन्याच्या निवळीतून जाऊ दिल्यास ती दुधाळ होते, व किण्वन संपल्यावर तशी होत नाही. शेवटी गंध व चव पाहतात. एकाच लक्षणावर न विसंबता ती सर्व जुळवून पाहावीत, असा संकेत आहे.

मोहाचा सडवा : महाराष्ट्रात घरगुती मद्यपरीक्षेची सर्वांत समृद्ध परंपरा मोहाच्या मद्याभोवती निर्माण झाली. मोह (मोहा, शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया, प्रकार लॅटिफोलिया) हा सातपुडा, मेळघाट, पूर्व विदर्भ, खानदेश व ठाणे–पालघरच्या जंगलपट्ट्यातील महत्त्वाचा वृक्ष होय. मार्च–एप्रिलमध्ये पाने झडलेली असताना त्याला फुले येतात व त्यांच्या मांसल, फिकट पिवळसर पाकळ्यांचे गोळे पहाटे गळून पडतात. ते वेचण्यासाठी कुटुंबातील सर्व माणसे उजाडण्यापूर्वी झाडाखाली जातात. फुले उन्हात वाळवली की मनुक्यासारखी तांबूस-तपकिरी होतात. वाळलेल्या फुलांत वजनाच्या निम्म्याहून अधिक शर्करा असते. ती केवळ मद्यासाठी नसून टंचाईच्या दिवसांत भाजून, उकडून किंवा धान्यात मिसळून खाल्ली जातात. बियांपासून (टोळी) तेल काढतात. त्यामुळे मोहाला आदिवासींच्या अर्थव्यवस्थेत व धर्मविधींत मोठे स्थान आहे. जन्म, विवाह, मृत्यू व देवपूजा या प्रसंगी मद्याचे पहिले थेंब देवाला व पूर्वजांना वाहिले जातात.

मद्यासाठी वाळलेली फुले मडक्यात किंवा रांजणात पाण्यात भिजत घालतात. या आंबणाऱ्या मिश्रणास सडवा म्हणतात. पूर्वी वेगळे विरजण घालीत नसत, कारण फुलांवरील व जुन्या मडक्याच्या अंगात मुरलेले यीस्ट पुरेसे होत असे. म्हणूनच सडव्याचे मडके घासून स्वच्छ करण्यापेक्षा तेच पुन्हा वापरण्याकडे कल असतो. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत व थंडीत त्याहून बऱ्याच अधिक दिवसांत सडवा तयार होतो. दिवसांची संख्या ही केवळ अंदाजाची बाब होय. खरी पारख लक्षणांवरून होते. पहिल्या दिवशी फुले फुगून वर येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मडक्याला कान लावला असता आत उकळल्यासारखा आवाज येतो, फेस चढतो व मडके हाताला कोमट लागते. पुढे फेस बसतो, आवाज मंदावतो, फुलांचा लगदा खाली जाऊ लागतो. गोड वास जाऊन तिखट, डोक्यात चढणारा वास येतो. बोट बुडवून चाखल्यास गोडी संपून कडवट-तुरट चव लागते. याच वेळी सडवा भट्टीवर चढवावा लागतो. वासात शिरक्याची झाक आली किंवा चिलटे घोंगावू लागली, की वेळ हुकली असे समजतात. ही सर्व लक्षणे वर सांगितलेल्या रासायनिक बदलांशी तंतोतंत जुळतात. परीक्षेचे हे काम अनेक घरांत वयस्क स्त्रियांकडे असे.

पहिली धार : मोहाच्या मद्याची दुसरी परीक्षा ऊर्ध्वपातनाच्या वेळी होते. चुलीवरील मडक्यात सडवा उकळतात, त्यावर उपडे किंवा छिद्र असलेले भांडे बसवितात, वर गार पाण्याचे पात्र ठेवतात व सांधे माती किंवा कणीक लावून बंद करतात. एथिल अल्कोहॉलचा उत्कलनबिंदू ७८·३° से. असल्याने प्रथम निघणाऱ्या वाफेत त्याचे प्रमाण सर्वाधिक व पुढे उतरते असते. मराठीत कडक मद्याला ‘पहिल्या धारेची’ म्हणतात, तो वाक्प्रचार या क्रियेतूनच आला. धार किती वेळ घ्यावयाची हे वरच्या पात्रातील पाणी कितीदा तापून बदलले, यावरून ठरवितात. थोडे मद्य विस्तवावर टाकून निळसर ज्वाला उठते का, हे पाहणे ही तीव्रतेची सर्वपरिचित परीक्षा होय. बाटली हलवून वर येणाऱ्या बुडबुड्यांचा आकार व ते टिकण्याचा काळ पाहणे ही दुसरी परीक्षा आहे. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस कोणतेही विरजण न घालता आंबवतात आणि फेस बसला की भाटीवर चढवितात. तेथील फेणी हे नावच फेण म्हणजे फेस या शब्दावरून आल्याचे मानतात. पोर्तुगीज अमलात तेथे कार्तिए यांच्या मापनपद्धतीतील ‘ग्राव’ हे एकक रूढ झाले व जुन्या भाटीकारांच्या बोलण्यात ते अद्यापि आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

उपकरणांचा उदय : द्रवाची घनता तरंगत्या नळीने मोजण्याची कल्पना प्राचीन आहे. इ. स. ४०० च्या सुमारास सायनीझियसने हायपेशियाला लिहिलेल्या पत्रात अशा उपकरणाचे वर्णन येते. मात्र मद्यनिर्मितीत तरकाटा (हायड्रोमीटर) अठराव्या शतकात आला. आंत्वान बोमे यांनी १७६८ मध्ये आपली मोजपट्टी तयार केली. इंग्लंडमध्ये जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये शर्करामापक तरकाट्याचा मद्यगाळणीतील उपयोग ग्रंथरूपाने मांडला. बार्थॉलोम्यू साइक्स यांच्या तरकाट्याला ब्रिटिश संसदेने १८१६ मध्ये वैधानिक मान्यता दिली व पुढे तोच भारतातील आबकारी खात्याचे प्रमुख साधन ठरला. यापूर्वी बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून ती पेटते का, हे पाहत. जेमतेम पेटू देणाऱ्या तीव्रतेला ‘प्रूफ’ म्हणत व साइक्सच्या मोजणीनुसार ती घनफळाने सु. ५७·१ टक्के ठरली. मुंबई इलाख्यात देशी मद्य २५ व ६० अंश ‘अंडर प्रूफ’ या तीव्रतांना विकले जाई. म्हणजे त्यात अनुक्रमे सु. ४२·८ व २२·८ टक्के अल्कोहॉल असे. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या बाटलीवर आढळणारा ४२·८ हा विचित्र वाटणारा आकडा त्या जुन्या मोजणीचाच अवशेष होय.

उपकरणाने ‘किती’ हे कळले, परंतु ‘का’ हे कळण्यास सूक्ष्मजीवविज्ञान यावे लागले. यीस्ट सजीव असल्याचे शार्ल कान्यार द ला तूर, टेओडोर श्वान व फ्रीड्रिख क्यूट्सिंग यांनी १८३७ च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखविले. लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एमिल क्रिस्तियन हानसेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ मध्ये यीस्टचे शुद्ध संवर्धन केले आणि एडुआर्ट बुखनर यांनी १८९७ मध्ये पेशीविरहित अर्कानेही किण्वन होते, हे सिद्ध केले. मोहफुलेही प्रयोगशाळेत आली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिल्बर्ट फौलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपासून अल्कोहॉल व ॲसिटोन मिळविण्याचा अभ्यास केला.

बिअर व हॉपचा कोरडा प्रयोग : बिअरमध्ये परीक्षेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा असतो, कारण ती ऊर्ध्वपातन न करता थेट बाटलीत भरतात व तीत यीस्ट जिवंत असू शकते. बिअरला कडवटपणा व सुगंध देणारी हॉपची (ह्युम्युलस लुप्युलस) फुले सामान्यतः द्रव उकळताना घालतात. किण्वन संपत आल्यावर किंवा संपल्यावर थंड बिअरमध्ये ती घालण्याच्या रीतीला कोरडा प्रयोग म्हणता येईल. यामुळे उकळताना उडून जाणारी सुगंधी तेले बिअरमध्ये राहतात. या रीतीचा भारताशी जवळचा संबंध आहे. लंडनजवळील बो येथील हॉजसन यांच्या मद्यशाळेतून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून व बर्टन येथील मद्यशाळांतून १८२० नंतर जी फिकट बिअर मुंबई, मद्रास व कलकत्ता या बंदरांना येई, तिच्या पिंपांत हॉप घालून ती पाठवीत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून होणाऱ्या कित्येक महिन्यांच्या प्रवासात तिचे विषुववृत्त दोनदा ओलांडले जाई. वाटेत किण्वन मंदगतीने चालू राही. ती पुरती शांत झाली आहे किंवा नाही, हे पिंपाला भोक पाडून निघणाऱ्या वायूवरून पाहत. पिंपातील बिअर शांत होण्यापूर्वी बाटल्यांत भरली, तर उष्ण हवेत बाटल्या फुटत.

हॉप घातल्यावर शांत झालेली बिअर पुन्हा ‘जागी’ होते, हा मद्यकारांचा जुना अनुभव होता. त्याचे कारण होरेस ब्राउन व हॅरिस मॉरिस यांनी १८९३ मध्ये शोधले. हॉपमध्ये पिष्ट विघटन करणारे एंझाइम असते. ते बिअरमध्ये उरलेल्या, यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनांचे रूपांतर पचणाऱ्या शर्करेत करते व किण्वन नव्याने सुरू होते. पुढे हा शोध जवळजवळ विस्मरणात गेला. एकविसाव्या शतकात भरपूर हॉप वापरणाऱ्या लघुमद्यशाळा वाढल्यावर तोच अनुभव पुन्हा आला व या विषयाचा नव्याने अभ्यास झाला. धोका किती, हे साध्या हिशेबाने कळते. बाटलीबंद केल्यावर लिटरमागे १० ग्रॅ. शर्करा जादा आंबली, तर सु. ५ ग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे सामान्य दाबाला सु. अडीच लिटर वायू निर्माण होतो. सामान्य बिअरमध्ये मुळातच जवळपास तितका वायू असतो. म्हणजे बाटलीतील वायू दुप्पट होतो व ती बाटली हाताळणाऱ्याच्या हातात फुटू शकते.

म्हणून हॉप घातलेल्या बिअरच्या परीक्षेत दिवस मोजणे किंवा बुडबुडे थांबलेले पाहणे पुरेसे समजत नाहीत. हॉप घालण्यापूर्वीची घनता नोंदवून ठेवतात व घातल्यानंतर, उष्णतामान न बदलता, लागोपाठ दोन-तीन दिवस ती पुन्हा मोजतात. आकडा स्थिर राहिला तरच किण्वन संपले असे मानतात. अधिक खात्रीसाठी थोडा नमुना हॉप व ताज्या यीस्टसह उबदार जागी ठेवतात. त्याची घनता जेथे थांबेल तेथपर्यंत मूळ बिअरही कधीतरी उतरणार, असे धरतात. दुसरी परीक्षा डायॲसिटिल या द्रव्याची होय. नव्या किण्वनात त्याचे पूर्वद्रव्य पुन्हा निर्माण होते. झाकलेला नमुना सु. ६०° से. पर्यंत तापवून थंड केल्यावर लोण्यासारखा वास आला, तर यीस्टला ते शोषून घेण्यास आणखी वेळ द्यावा लागतो. हॉप फार दिवस ठेवल्यास गवतासारखी चव येते. म्हणून सुगंध उतरला की ती काढून घेऊन पुढील वाट पाहतात. शेवटी बिअर थंड करून यीस्ट व हॉपचे कण तळाशी बसू देतात. उपकरणांच्या युगातही शेवटचा निर्णय नाक व जीभ यांवरच येऊन ठेपतो, हे येथे लक्षात येते.

वऱ्हाडातील आबकारी : मद्यपरीक्षेचे ज्ञान घराकडून शासनाकडे कसे गेले, याचे उदाहरण म्हणून वऱ्हाडाचा इतिहास पाहता येतो. वाशिम (प्राचीन वत्सगुल्म) जिल्ह्यातील, अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळका या गावाने एका शतकात अनेक राजवटींचे आबकारी नियम अनुभवले. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडण्यात आला. तत्कालीन वाशिम जिल्हा १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला. १९५६ मध्ये हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला.

सुरुवातीस भट्टीच्या मक्त्याची पद्धत होती. ठरावीक ठिकाणी मद्य काढून विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. किती व किती तीव्र मद्य काढले, याच्याशी सरकारला कर्तव्य नसे. परीक्षा कलाराच्या अनुभवावरच चाले. रॉबर्ट रसेल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात या कलार समाजाची माहिती दिली आहे. पुढे शासकीय आवारात मद्य काढून तीव्रतेनुसार कर आकारण्याची, व त्यानंतर एका ठेकेदाराकडून सर्व पुरवठा घेण्याची पद्धत आली. १९०५–०६ च्या भारतीय आबकारी समितीने अशा केंद्रीकरणाला बळ दिले, तर मध्य प्रांताच्या १९१५ च्या आबकारी अधिनियमाने त्याला कायदेशीर चौकट दिली. कर तीव्रतेवर असल्याने तरकाटा अनिवार्य झाला. घरातला सडवा मात्र कोणत्याही मोजणीत बसत नव्हता, म्हणून तो गुन्हा ठरला.

मुंबई इलाख्यात हीच प्रक्रिया आधी घडली होती. १८७८ च्या मुंबई आबकारी अधिनियमानंतर उरण येथील मोठ्या भट्ट्यांतून मुंबईला मोहाचे मद्य पुरविले जाई. १८९२ च्या मोहविषयक अधिनियमाने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांच्या साठवणीवर व आयातीवर निर्बंध आले. जे फूल अन्नही होते, ते बाळगणे संशयास्पद ठरले. या धोरणाविरुद्धचा असंतोष एका अनपेक्षित दिशेने प्रकट झाला. १९२२ मध्ये किनाऱ्यावरील कोळ्यांत सुरू होऊन ठाणे, नासिक, खानदेश व दक्षिण गुजरातमधील आदिवासींत पसरलेल्या देवी चळवळीत लोकांनी स्वतःहून दारू-ताडी सोडली व दुकानदारांवर बहिष्कार टाकला. डेव्हिड हार्डिमन यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. याउलट व्हेरिअर एल्विन यांनी आदिवासींचे घरगुती मद्य हे ठेकेदाराच्या मद्यापेक्षा कमी घातक असून ते काढण्याची मुभा असावी, अशी बाजू मांडली.

दारूबंदी व तिचे परिणाम : मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ मध्ये दारूबंदीचा अधिनियम झाला. मुंबई राज्याचा दारूबंदी अधिनियम १९४९ चा असून १९५९ मध्ये तो विदर्भास लागू करण्यात आला. या अधिनियमात मोहफुलांची स्वतंत्र व्याख्या असून त्यांचा व्यापार व साठवण यांवर नियंत्रण ठेवण्याची तरतूद होती. पुढे बंदी शिथिल होऊन १९७३ च्या नियमांनी कारखान्यातील देशी मद्याला परवाने मिळाले. परवान्याविना घरी मद्य करणे, मग ते मोहाचे असो वा हॉप घातलेल्या बिअरचे, महाराष्ट्रात गुन्हाच राहिले.

बंदीचा एक परिणाम परीक्षेच्या ज्ञानावर झाला. लपूनछपून व घाईने चालणाऱ्या हातभट्टीत सडवा पक्व होण्याची वाट पाहण्यास सवड नसते. मोहाची जागा काळ्या गुळाने घेतली, किण्वन लवकर व्हावे म्हणून नवसागर टाकला जाऊ लागला, आणि मद्य पिणाराच ते करणारा असण्याचा जुना संबंध तुटला. याहून भयंकर प्रकार म्हणजे औद्योगिक मिथेनॉल मिसळलेली विषारी दारू. २००४ च्या अखेरीस मुंबईतील विक्रोळीत व जून २०१५ मध्ये मालवणीत अशा दारूने मोठी प्राणहानी झाली. मालवणीतील मृतांची संख्या शंभराहून अधिक होती. हे मिथेनॉल किण्वनातून येत नाही. मोहफुलांसारख्या द्रव्यांच्या किण्वनात ते अत्यल्प निर्माण होते. ते कारखान्यांतील साठ्यांतून चोरून येते. मिथेनॉलचा वास व ज्वाला एथिल अल्कोहॉलशी इतकी मिळतीजुळती असतात, की काडी, ज्वाला, बुडबुडे किंवा चव यांपैकी कोणतीही पारंपरिक परीक्षा ते ओळखू शकत नाही. त्यासाठी रासायनिक विश्लेषणच लागते. मद्य पक्व आहे किंवा नाही, एवढेच घरगुती पारख सांगते. ते निर्विष आहे, याची हमी ती देत नाही, व देशी भट्टीच्या गौरवाच्या भरात ही मर्यादा विसरली जाऊ नये.

दुसरीकडे मद्यपानाची झळ मुख्यतः स्त्रियांना व मुलांना लागते, हेही तितकेच खरे आहे. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये प्रामुख्याने लोकचळवळीतून आली. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये बंदी झाली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. संसदेच्या १९९६ च्या पंचायत विस्तार (पेसा) अधिनियमाने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर नियमन किंवा बंदी घालण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राचे त्याविषयीचे नियम २०१४ चे आहेत. म्हणजे मद्याविषयीचा निर्णय पुन्हा गावाकडे येण्याची वाट कायद्याने खुली झाली आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने गौण वनोपजावरील हक्क मान्य केले व २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. मध्य प्रदेश व छत्तीसगढ या राज्यांत अनुसूचित जमातींना स्वतःच्या वापरापुरते मद्य काढण्याची मर्यादित मुभा आहे.

महाराष्ट्रात २००९ मध्ये पुण्यात पहिली लघुमद्यशाळा सुरू झाली व तेव्हापासून परवानाधारक मद्यकार हॉपच्या कोरड्या प्रयोगाची बिअर शहरात तयार करीत आहेत. घनता स्थिर झाली का, लोण्याचा वास गेला का, बाटली सुरक्षित राहील का, हे तेथील मद्यकाराचे प्रश्न आहेत. सातपुड्यातील किंवा वऱ्हाडातील म्हातारी मडक्याला कान लावून याच प्रश्नांची उत्तरे शोधीत असे. एकाच्या ज्ञानाला परवाना व पदवी मिळते, दुसऱ्याच्या ज्ञानाची नोंद पोलिसांच्या पंचनाम्यात ‘सडवा नष्ट केला’ एवढीच राहते. ही पारख सांगणारी पिढी आता उतारवयात आहे. मोहफुलांच्या पाककृती व औषधी उपयोग यांची नोंद घेताना किण्वनाच्या या लोकज्ञानाचीही पद्धतशीर नोंद होणे आवश्यक आहे.